वजन वाढवणाऱ्या चंद्राबाई

विंझरच्या चंद्राबाईंचं डोकं फिरवायला हल्ली फार काही करावं लागत नाही. डेअरीला दूध घालायला निघालेल्या एखादीने वाटेत थांबून, आमचं पोरगं काय जाड आहे का हो बाई, एवढं विचारलं तरी बास होतं. मग चंद्राबाई डोक्यावरचा पदर सारखा करतात, एक लांब श्वास सोडतात आणि सांगायचं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात. सांगून होईस्तोवर त्या बाईचं लक्ष किटलीकडे गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच विचारते.

आणि हा सगळा ताप त्यांनी आपल्याच पायांनी चालत जाऊन घरी आणलेला. नवरा रायबा त्यांना हे दिवसातून एकदा तरी ऐकवतो, आणि ऐकवून झाल्यावर शहाण्यासारखा गोठ्याकडे निघून जातो.

चंद्राबाईंची उभी हयात अंगणवाडीत गेली. सेविका म्हणून लागल्या तेव्हा वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं म्हणजे पोट पुढे आणि हातापायांच्या काड्या. बाई पोराला झोळीत घालून काट्याला टांगायच्या. पोरगं भोकाड पसरायचं, आई तोंड फिरवायची, आणि काटा काही केल्या हलायचा नाही. मग बाई त्या घरी जायच्या. सरळ चुलीशी जाऊन भांड्यावरचं झाकण उचलायच्या आणि आत पातळ कालवण दिसलं की घरातल्या गड्यालासुद्धा फैलावर घ्यायच्या. नाचणीची खीर घाला, शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या, अंडं द्या, भातावर तूप सोडा. कोंबडी अंडी देत असताना ती बाजारात विकणाऱ्या सासूशी त्यांनी जी भांडणं केली ती अजून लोक रंगवून सांगतात. पोराचं वजन वाढलं की मात्र बाईंसारखी खूश दुसरी कुणी नसायची. पोराचे गाल ओढायच्या, आईची पाठ थोपटायच्या, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या की पोर जगलं म्हणून.

विंझरनं आणि आसपासच्या गावांनी बाईंचं हे एवढं एकच शिकवणं मनावर घेतलं. ग्रामसेवकाचं कुणी ऐकलं नाही, शेतीखात्याच्या साहेबाचं तर कुणी कधीच ऐकलं नाही, पण बाईंचं ऐकलं. आणि ऐकलं ते असं ऐकलं, की थांबायचं कुठे हे काही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पुढे रस्ता झाला, दुकानं आली, वेफर्सच्या माळा लटकायला लागल्या, घरटी मोबाईल आला. पोरं खळ्यातून उठून कॉटवर आडवी झाली. लाडू, तूप आणि अंडं चालूच होतं, वर हे.

निवृत्त झाल्यावर बाईंनी शेळ्या पाळायच्या ठरवल्या होत्या. तेवढ्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेची माणसं आली. त्यांच्यात सोनिया नावाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, बोलायला मऊ. ज्यांच्या अंगावर चरबी चढली आहे अशा वयात आलेल्या मुलामुलींची हाडं आतून नीट भरतात की नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिल्यावर त्यांच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद सडपातळ पोरांइतकी येते की कमी, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी वजन, उंची, उपाशीपोटीचं रक्त आणि हाडांचं चित्र, असं सगळं घ्यायचं. पण उंबऱ्याच्या आत त्यांना कुणी घेईना. पोरांना जाड म्हणायला पुण्याहून गाडी करून माणसं येतात, याचाच लोकांना राग आला होता. कुणीतरी सांगितलं, चंद्राबाईंना बरोबर घ्या. त्या कुठल्याही घरात चुलीपर्यंत जातात.

बाई हो म्हणाल्या. डॉक्टरीणबाई गोड बोलल्या म्हणून म्हणाल्या, आणि घरी बसून रायबाचं तोंड बघण्यापेक्षा हे बरं म्हणूनही म्हणाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळून चुकलं की आपण फार मोठी उडी घेतली आहे.

फाट्यावरच्या चहावाल्या गेनूनं सुरुवात केली. बाई जातायेता तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं बोलायचा, की आधी पोरं बारीक म्हणून बाई वरडायच्या, आता जाड म्हणून वरडतात, एकदा सरकारनं मापच काय ते ठरवून द्यावं. लोक हसायचे. बाई सांगायच्या की हे सरकार नाही, संस्था आहे. मग लोक आणखी हसायचे.

आयांचं तर विचारूच नका. बाई म्हणायच्या की पोराचं वजन वयाच्या मानानं जास्त आहे, आणि आई पोराच्या दंडावरून हात फिरवत म्हणायची, दृष्ट लागंल बाई. रक्त काढायच्या दिवशी सकाळी पोराला काही खायला देऊ नका म्हणून घरोघर बजावून यावं, तर पोरांच्या ओठांवर चहा-खारीचा चुरा. विचारलं तर आईचं उत्तर तयार, की रक्त काढणार म्हणताय, मग अंगात काही नको का, आणि चहाच तर दिलाय, खाणं कुठे दिलंय. पुन्हा दुसरा दिवस, पुन्हा बोलावणं, पुन्हा चहा. एका माउलीनं तर पोरीला बाईंच्या देखत केळं सोलून दिलं, कारण फळ म्हणजे काही जेवण नव्हे. त्या दिवशी बाई घरी येऊन भाकरी थापताना पिठाशी भांडत होत्या.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. त्यांचा खरा जीव अडकला होता तो स्वरूपमध्ये.

स्वरूप हा खालच्या आळीतल्या स्नेहलचा मुलगा. बाप टेम्पो चालवतो, घरी पाहुण्यासारखा येतो. जन्मला तेव्हा पोरगं हातात घ्यायला भीती वाटावी एवढं होतं. आजारी पडलं, दूध ओढेना, तेव्हा चंद्राबाईंनी त्याला पदराखाली घेऊन भर पावसात पुण्याचं हॉस्पिटल गाठलं होतं. तिथून आल्यावर रोज सांजसकाळ त्या स्नेहलच्या घरी जायच्या आणि आपल्या डोळ्यांदेखत वाटीचमच्यानं पाजून घ्यायच्या. ते पोर तगलं. अंगणवाडीच्या सगळ्या पोरांत बाईंना कुणाचा अभिमान असेल तर त्याचा. आता तो सोळाव्यात होता, दहावीला, आणि एसटीच्या दारातून चढताना त्याला कडेला अंग करून आत जावं लागत होतं.

ते एक वेळ चाललं असतं. पण त्याचा हात दोनदा मोडला होता. एकदा एसटीच्या पायरीवरून उतरताना तो साधा घसरला, आणि एकदा शाळेत बाकाशी अडखळून हातावर पडला. पोरं दिवसाला दहादा पडतात, झटकून उठतात, याचं मात्र दोन्ही वेळा हाड गेलं. सोनिया डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला बाईंनी पाहिला. हाडं बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. बघायचं यंत्र एका मोठ्या गाडीत बसवलेलं होतं, ते भोरला एकच दिवस येणार आणि परत जाणार. नंतर पुण्याला या म्हटलं तर स्नेहल काही जाणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा जे काय व्हायचं ते त्याच दिवशी व्हायला हवं होतं. नाहीतर तिसरं हाड मोडायची वाट बघायची, आणि ते हातावर भागेल असं कोण सांगणार?

त्या दिवशी बाईंनी पोरांनी आणि आयांनी भरलेली जीप घेऊन नसरापूर गाठलं, मग कापूरहोळ, मग भाटघरच्या अंगानं भोर. स्वरूप पुढे बसला होता, कारण मागे बसला की बाकीच्यांना जागा उरत नव्हती. वाटेभर एक पोरगी भूक लागली म्हणून मुसमुसत होती, आणि तिची आई बाईंकडे असं बघत होती की जणू बाईंनीच तिचा घास काढून घेतला.

संस्थेनं भोरमध्ये एक मंगल कार्यालय घेतलं होतं. यंत्राची गाडी आवारात उभी. आणि कुणाच्या अकलेनं कोण जाणे, पलीकडच्या हॉलमध्ये लग्न. मसालेभाताचा आणि जिलेबीचा वास सुटला होता, आणि इकडे उपाशीपोटी आलेली पोरं ओळीनं बसलेली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. एका पोराला तर त्यांनी पंगतीत बसता बसता दंडाला धरून ओढून आणलं.

यंत्रात जाताना अंगावर धातू चालत नाही. बाईंनी हे गावातच बजावून सांगितलं होतं. कानातलं, गळ्यातलं, पैंजण, घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, सगळं काढून ठेवा. त्यांनी स्वतः एकेका पोरीच्या कानाशी वाकून खात्री केली. रक्त घेऊन झालं, पोरं एकेक करून गाडीत जाऊन आली. स्वरूपची पाळी आली, तो आत गेला, आणि लगेच बाहेर आला. मागून यंत्र चालवणारा मुलगा वैतागून सांगत आला की याच्या कमरेला धातू आहे, चित्र बिघडेल.

करदोडा. लाल-काळ्या दोऱ्याचा करदोडा आणि त्यात ओवलेला तांब्याचा ताईत.

बाईंना स्वतःचाच संताप आला. इतक्या सूचना दिल्या आणि करदोडा कसा सुटला? सुटणारच होता. दागिना काढ म्हटल्यावर करदोडा कुणाच्या मनात येतो? पोराच्या कमरेला तो बारशापासून असतो, नखासारखा, केसासारखा. बाकी पोरांचे नुसते दोऱ्याचे होते म्हणून अडलं नाही. स्वरूपच्या ताईतानं अडलं.

यंत्रवाला पोरगा शहरातला. तो सहज बोलून गेला की कात्री आहे आत, कापून टाकतो. स्नेहल ताडकन उठली. बाप गेल्यावर पोराचा करदोडा तोडतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? तिनं स्वरूपचा शर्ट खाली ओढला, त्याला हाताला धरलं आणि निघाली फाटकाकडे. सोनिया डॉक्टर धावत आल्या. त्यांनी समजावून बघितलं, करदोडा वर सरकवता येतो का तेही बघितलं. तो वरही सरकेना आणि खालीही सरकेना. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, आईची मर्जी नसेल तर आपण थांबू, जबरदस्ती करायची नाही.

आता मात्र चंद्राबाईंचा तोल सुटला. ही डॉक्टरीण एवढी शिकलेली, आणि थांबू म्हणते. थांबू म्हणायला तिचं काय जातंय? पोराचं हाड मोडेल तेव्हा ही पुण्यात असेल. त्यांनी स्नेहलला फाटकाशीच गाठलं आणि भर आवारात, लग्नाची चार वऱ्हाडी मंडळी ऐकत उभी असताना, तोंड सोडलं. त्या तांब्याच्या तुकड्यापायी पोराला अपंग करणार का, म्हणाल्या. स्नेहल म्हणाली, तो ताईत साधा नाही, त्यानंच पोर जगलं. हे ऐकून तर बाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

"ताईतानं जगलं? मग म्या काय करीत हुते गं? पावसात पुन्याला ताईत गेला हुता का तुझा?"

स्नेहल बाईंना कधी उलट बोलली नव्हती, आजही तिचा आवाज चढला नाही.

"तुमी बी जगवलं आन ताईतानं बी जगवलं, बाई. म्या दोनीतलं काय सोडलं? ताईत कवा काडला न्हाई, आन तुमी सांगितलं तसं खाऊ घालायचं कवा चुकवलं न्हाई. सोता उपाशी ऱ्हायले, पर त्याच्या ताटात तूप घातलं. आता तुमीच म्हनता, पोरगं जाड झालं. मग म्या चुकले कुठं, ते तरी सांगा."

फाट्यावरच्या गेनूला उत्तर देता येत होतं, केळंवालीला देता येत होतं, हिला काय देणार? तेव्हा सांगितलं ते खरं होतं. आज सांगतोय तेही खरं आहे. दोन्ही खरं असलं तरी आई कुणाकडे बघून स्वयंपाक करणार? बाईंना रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला. त्या तडक फाटकातून बाहेर पडल्या आणि बाजारपेठेच्या दिशेनं चालायला लागल्या.

परत आल्या तेव्हा हातात लाल-काळ्या दोऱ्याची लड होती. स्नेहल पायरीवर बसली होती, स्वरूप तिच्या शेजारी मान खाली घालून. गेलेली नव्हती, एवढं बाईंनी मनात टिपलं. नवा करदोडा आधी बांधायचा आणि मग जुना काढायचा, कंबर क्षणभरही उघडी ठेवायची नाही, ही रीत स्नेहललाही ठाऊक होती आणि बाईंनाही. भांडणाच्या भरात दोघींना ती आठवली नव्हती, एवढंच. बाईंनी दोरा तिच्यापुढे धरला. आधी हा बांध, मग तो काप, ताईत तुझ्या मुठीत धरून बस आणि पोरगं बाहेर आलं की ह्यात ओव, असं त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. आवाजात अजून राग होता, पण तो आता कुणावर होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

स्नेहलनं बराच वेळ दोऱ्याकडे बघितलं. मग स्वरूपच म्हणाला, बांध की आई, मला भूक लागलीय.

तिनं सुरगाठ मारून नवा दोरा वरच्या अंगाला बांधला. मग जुन्यात बोट घालायला गेली तर बोट जाईना. शेवटी कात्रीचं टोक सांभाळून घालून तो कापला, तेव्हा खाली कातडीत काळी पडलेली खोल रेघ दिसली, कमरेभोवती सगळीकडून. दोरा इतके दिवस मांसात रुतून बसला होता. दुखत होतं का रे, असं स्नेहलनं विचारलं. तो म्हणाला, दुखायचं, पण काढायचा नसतो ना. स्नेहलनं त्या रेघेवरून अंगठा फिरवला. चंद्राबाईंनी मान वळवली.

स्वरूप यंत्रातून जाऊन आला. सोनिया डॉक्टरांनी स्नेहलला आणि बाईंना आत बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. पक्कं काय ते सगळं तपासून कळवू, म्हणाल्या, पण एवढं आत्ताच दिसतंय की याच्या वजनाच्या मानानं हाडं भरलेली नाहीत. वय अजून गेलेलं नाही, आणखी काही वर्षं हाडं भरतात. ऊन, चालणं, खेळणं, दूध-नाचणी चालू ठेवायची, तेल-तूप आणि पाकिटातलं कमी करायचं. आणि यातलं काहीएक एका दिवसात होणार नाही. स्नेहल सगळं ऐकून घेत होती. बाईंना वाटलं, आता म्हणेल की नाचणी तर तुम्हीच सांगितली होती. ती तसं म्हणाली नाही.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. मुठीतला ताईत अजून गरम होता. तिनं नव्या करदोड्याची सुरगाठ सोडून, एक टोक कमरेवरच धरून ठेवत, दुसऱ्या टोकात ताईत ओवला. आता कायमची निरगाठ मारायची होती. पोराचा करदोडा बांधताना आई नेहमी थोडा ढिला ठेवते, त्याच्या वाढीला जागा म्हणून. चंद्राबाईंनीच किती पोरांचे तसे बांधून दिले असतील. स्नेहलनं दोन्ही टोकं धरली, ओढली, पुन्हा सोडली, आणि तशीच थांबली.

"बाई," तिनं वर बघून विचारलं, "वाढता बांदू का?"

अंगणवाडीत गेलेल्या साऱ्या वर्षांत चंद्राबाईंनी कुठल्याच आईला तिच्या पोराच्या बाबतीत जे कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांना आता याच पोराच्या बाबतीत, ज्याला त्यांनी चमच्याचमच्यानं वाढवलं होतं, सांगायचं होतं. त्यांनी त्या काळ्या रेघेकडे एकदा बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "बेताचाच बांद."